जीसीसी ‘चालत नाही’ म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी: पायरीपायरीने तपासणी

सांगलीत विश्रामबागेजवळ मी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना सी शिकवतो. कॉलेजं सुरू झाली की मिरज, तासगाव, जत, पलूस अशा ठिकाणांहून आलेली पोरं लॅपटॉप उघडतात आणि म्हणतात, “सर, जीसीसी चालत नाही.” किती वेळा इन्स्टॉल केलं विचारलं, तर तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी वेगळा व्हिडिओ बघून, वेगळ्या जागी. जीसीसी हा कंपायलर आहे, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं सॉफ्टवेअर. खरं तर तो बहुतेकदा पहिल्याच वेळी नीट बसलेला असतो. अडलेलं असतं पुढे कुठेतरी, आणि पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केल्याने ते सुटत नाही, उलट गुंता वाढतो.

म्हणून एक क्रम पाळा. कंपायलर बसला का, विंडोजला तो सापडतो का, तुमची फाइल खरंच सी फाइल आहे का, ती कंपाइल होते का, आणि तयार झालेला प्रोग्राम चालतो का. मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची बघायची नाही. हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे आणि त्यात एकच वाट धरली आहे: एमएसवायएस२ (विंडोजवर जीसीसी मिळवून देणारं सॉफ्टवेअर) मधून जीसीसी. दोन व्हिडिओंतल्या दोन वाटा एकत्र करू नका.

कमांड कशा वाचायच्या: खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे. जिथे शब्दांमध्ये जागा (स्पेस) दिसते तिथे ती सोडायचीच.

## १. डाउनलोडला हात लावण्याआधी

सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ची ओळ पूर्ण वाचा. या एका ओळीत दोन गोष्टी असतात: ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची आणि प्रोसेसर किती बिटचा. जुन्या सेकंडहँड लॅपटॉपवर अनेकदा ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असं असतं. मुलं शेवटचा ६४ बघून खूश होतात. एमएसवायएस२ ला ऑपरेटिंग सिस्टिमच ६४-बिट लागते. तुमची ३२-बिट असेल तर इथेच थांबा. आधी ६४-बिट विंडोज टाकून घ्या, तोवर ब्राउझरमधल्या ऑनलाइन कंपायलरवर सराव करा.

त्याच पानावर विंडोजच्या नावापुढे ‘एस मोड’ लिहिलेलं नाही ना, तेही बघा. एस मोडमध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच इन्स्टॉल होत नाही. त्यातून बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, पण परत एस मोडमध्ये जाता येत नाही.

मग फोल्डर. सी ड्राइव्हमध्ये थेट ‘कोड’ नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत तयार करा. डेस्कटॉपवर नको, कारण डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि पत्ता लांबलचक होतो. फोल्डरच्या नावात जागा नको, देवनागरीही नको. आपली लिपी प्रोग्रामच्या आत जरूर वापरा, पण कंपायलरच्या वाटेवरच्या फोल्डरांना इंग्रजी नावंच सोयीची पडतात.

> तपासा: ६४-बिट सिस्टिम आहे. एस मोड नाही. सी ड्राइव्हवर निदान दोन-तीन जीबी मोकळी जागा आहे. बॅटरी पूर्ण चार्ज आहे.

बॅटरीचं मुद्दाम लिहिलं आहे. मध्येच वीज गेली की काय होतं ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

## २. कंपायलर बसवणे

एमएसवायएस२ च्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घ्या. इन्स्टॉल करताना तो जी जागा सुचवतो ती बदलू नका. ती सी ड्राइव्हमध्ये एमएसवायएस६४ अशी असते. ‘डी मध्ये जास्त जागा आहे’ म्हणून काही जण ती डी ड्राइव्हमध्ये ‘माय सॉफ्टवेअर’ अशा, नावात स्पेस असलेल्या फोल्डरात नेतात. या पत्त्यात स्पेस चालत नाही.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा: एमएसवायएस२ बसला म्हणजे जीसीसी बसला असं नाही. एमएसवायएस२ हे फक्त दुकान आहे. जीसीसी त्यातून वेगळा मागवावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत इथेच थांबलेली बरीच असतात.

स्टार्ट मेनूमध्ये एमएसवायएस टाइप केलं की एकाच नावाच्या चार-पाच खिडक्या दिसतात. आपल्याला ‘यूसीआरटी६४’ लिहिलेलीच उघडायची आहे. खिडकी उघडल्यावर पहिल्या ओळीत यूसीआरटी६४ हा शब्द दिसतो. तिथे नुसतं एमएसवायएस दिसत असेल तर बंद करून बरोबर खिडकी उघडा.

आधी अपडेट (पॅकमन म्हणजे या दुकानातून पॅकेजेस आणून बसवणारी कमांड):

पॅकमन -एसवाययू

यात एस कॅपिटल, वाय आणि यू लहान. विचारलं तर वाय दाबून एंटर. मध्येच ती खिडकी बंद करायला सांगेल. होकार द्या, यूसीआरटी६४ पुन्हा उघडा आणि हीच कमांड परत द्या. दुसऱ्या फेरीनंतर ‘करण्यासारखं काही नाही’ अशा अर्थाचा संदेश आला की झालं.

मग जीसीसी:

पॅकमन -एस एमआयएनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी

इथेही सुरुवातीचा एस कॅपिटल. हे लांब नाव हाताने लिहू नका. एमएसवायएस२ च्या मुखपृष्ठावर ही कमांड तयार आहे, तिथून कॉपी करा. या खिडकीत कंट्रोल-व्ही चालत नाही. शिफ्ट आणि इन्सर्ट एकत्र दाबा, किंवा राइट-क्लिक करून पेस्ट निवडा.

काही व्हिडिओंत शेवटी जीसीसीऐवजी ‘टूलचेन’ असतं. त्याने आणखी बरीच पॅकेजेस उतरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर नुसता जीसीसी पुरे.

अडलं तर:

- ‘टार्गेट नॉट फाउंड’ आलं: नावात चूक आहे, नाहीतर आधीचं अपडेट राहिलं आहे.
- ‘फेल्ड रिट्रीव्हिंग फाइल’ आलं: नेट तुटलं. तीच कमांड परत द्या, दुसरं काही करू नका.
- ‘अनएबल टू लॉक डेटाबेस’ आलं: याचंच बीज लोडशेडिंगमध्ये असतं. पॅकमन काम सुरू करताना एक कुलूप-फाइल बनवतो आणि काम संपलं की स्वतःच पुसतो. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर कुलूप तसंच राहतं. एमएसवायएस२ च्या सगळ्या खिडक्या बंद करा. मग फाइल एक्स्प्लोररमधून एमएसवायएस६४, त्यात व्हार, त्यात लिब, त्यात पॅकमन असं जा. तिथली डीबी.एलसीके ही एकच फाइल डिलीट करा आणि कमांड परत द्या. सगळं काढून नव्याने बसवायची गरज नाही.

> तपासा: त्याच यूसीआरटी६४ खिडकीत ‘जीसीसी --व्हर्जन’ द्या. व्हर्जनच्या आधी दोन आडव्या रेघा, आणि त्या दोन्ही रेघांमध्ये जागा नाही. आवृत्तीचा आकडा आला म्हणजे कंपायलर बसला. यापुढे काहीही अडलं तरी या टप्प्यावर परत यायचं नाही.

## ३. पाथ: सगळ्यात जास्त चुका इथेच

आता स्टार्टमधून साधा कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि तीच कमांड द्या. बहुतेकांना ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ने सुरू होणारी ओळ दिसते. ती बघूनच मुलं अनइन्स्टॉलकडे वळतात. पण या ओळीचा अर्थ इतकाच, की विंडोजने ठरलेल्या फोल्डरांत शोधलं आणि त्यांत जीसीसी सापडला नाही. या ठरलेल्या फोल्डरांची यादी म्हणजे पाथ.

यादीत आपला फोल्डर घालायचा तो असा:

१. फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्ह, एमएसवायएस६४, यूसीआरटी६४, बिन असं जा. तिथे जीसीसी.एक्सई दिसते का, डोळ्यांनी बघा. मग वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करून पत्ता कॉपी करा. हाताने टाइप करू नका.

२. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करून ‘एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडा. खालचं ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ बटण दाबा.

३. वरच्या चौकटीत, म्हणजे युजर व्हेरिएबल्समध्ये, ‘पाथ’वर एकदा क्लिक करून ‘एडिट’. ‘न्यू’ नाही.

४. नव्या खिडकीत मात्र ‘न्यू’ दाबा, पत्ता पेस्ट करा.

५. ओके, ओके, ओके. तिन्ही खिडक्यांत. एकही खिडकी फुलीने बंद केली तर बदल जाऊ शकतो.

६. कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवी यादी कळत नाही. व्हीएस कोड (कोड लिहिण्याचा प्रोग्राम) चालू असेल तर तोही पूर्ण बंद करून उघडा.

> सावधान: पाथमध्ये आधीच्या ज्या ओळी आहेत त्यांतली एकही पुसू नका. आणि ‘सेटएक्स’ वापरून एका कमांडमध्ये पाथ बदलायचा जो उपाय फिरतो, तो टाळा. सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकतो. यादी लांब असेल तर दुसऱ्या प्रोग्रामांचे पत्तेही त्यात जातात.

नेहमी दिसणाऱ्या चुका: पत्त्याच्या शेवटी जीसीसी.एक्सई लिहिणं (यादीत फोल्डर हवा, फाइल नको), बिन सोडून यूसीआरटी६४ वरच थांबणं, पत्ता अवतरणचिन्हांत टाकणं, आणि व्हिडिओतला मिंगडब्ल्यू६४ चा पत्ता तसाच उचलणं. आपण बसवलेला कंपायलर यूसीआरटी६४ मध्ये आहे.

### एकापेक्षा जास्त जीसीसी

पाथ बरोबर आहे, जीसीसी सापडतोही, तरी विचित्र एरर येतात. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

व्हेअर जीसीसी

(डब्ल्यू-एच-ई-आर-ई.) मागच्या वर्षी कवठेमहांकाळची एक विद्यार्थिनी आली होती. तिचा सी प्रोग्राम चालायचा. सी++ चा कंपाइल व्हायचा, पण चालवला की डीएलएलमध्ये (प्रोग्रामला चालताना लागणाऱ्या जोड-फाइलीत) ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट’ सापडत नसल्याची चौकट यायची. तिच्या लॅपटॉपवर या कमांडने तीन ओळी दिल्या. पहिली सी ड्राइव्हवरच्या जुन्या मिंगडब्ल्यूची (विंडोजसाठीचा जीसीसीचा जुना संच), आवृत्ती ६.३.०. दुसरी कोडब्लॉक्स या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरसोबत आलेली. तिसरी आपली. विंडोज यादी वरून खाली वाचतो आणि पहिला सापडला की थांबतो. चालवतानाच्या डीएलएल फाइलीही याच यादीतून शोधल्या जातात. त्यामुळे एका कंपायलरने केलेला प्रोग्राम दुसऱ्याची डीएलएल उचलत होता.

आम्ही काहीच इन्स्टॉल केलं नाही. खालच्या चौकटीतल्या, म्हणजे सिस्टिम व्हेरिएबल्समधल्या पाथमधून जुन्या मिंगडब्ल्यूची आणि कोडब्लॉक्सची अशा दोनच ओळी काढल्या. जुन्या पत्त्यांची ओळ पुसू नका म्हटलं त्याला हाच एक अपवाद: जी ओळ जुन्या कंपायलरचीच आहे हे ‘व्हेअर’ने दाखवलं, तीच. नवा कमांड प्रॉम्प्ट उघडला, एकच ओळ आली, प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला आणि चालला. पंधरा मिनिटांत काम झालं. त्याआधी तिची दोन रविवारची सुट्टी गेली होती.

इथे एक बारकावा आहे. सिस्टिमचा पाथ आधी वाचला जातो, युजरचा नंतर. त्यामुळे जुना जीसीसी खालच्या चौकटीत असेल, तर वरच्या चौकटीत आपली ओळ कितीही वर सरकवली तरी उपयोग होत नाही.

आणखी एक: पॉवरशेलमध्ये (विंडोजची दुसरी कमांड खिडकी) नुसतं ‘व्हेअर जीसीसी’ दिलं तर काहीच उमटत नाही, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे ‘व्हेअर.एक्सई जीसीसी’ लिहा. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की बहुधा पॉवरशेलच येतो, म्हणून ओळीच्या सुरुवातीला ‘पीएस’ आहे का ते बघण्याची सवय लावा.

> तपासा: नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीसीसी --व्हर्जन’ला आकडा येतो. ‘व्हेअर जीसीसी’ला पहिली ओळ यूसीआरटी६४ ची येते.

## ४. फाइल खरंच सी फाइल आहे का

नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहून ‘पहिला.सी’ नावाने सेव्ह केला, फोल्डरमध्ये ‘पहिला.सी’ दिसते, तरी जीसीसी म्हणतो ‘नो सच फाइल’. कारण खरं नाव ‘पहिला.सी.टीएक्सटी’ असतं. शेवटचा तुकडा विंडोज लपवतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. विंडोज १० मध्ये हा पर्याय थेट व्ह्यू टॅबवर आहे. हे आजच करून ठेवा, कायमचं. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा.

नाव बरोबर असूनही फाइल सापडत नसेल तर तुम्ही चुकीच्या फोल्डरात उभे आहात. सोपा मार्ग: कोड फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट त्याच फोल्डरात उघडतो.

आता नोट्सचा विषय. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून किंवा वर्डमधून कोड कॉपी केला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळलेली येतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. जीसीसी मात्र ‘स्ट्रे’ आणि पुढे ३४२, २०० असे आकडे दाखवतो. हे दिसलं की त्या ओळीतली अवतरणचिन्हं पुसून कीबोर्डवरून पुन्हा द्या.

## ५. कंपाइल करणे

जीसीसी पहिला.सी -ओ पहिला

‘-ओ’ मधला ‘ओ’ हे लहान इंग्रजी अक्षर आहे, शून्य नाही.

> सावधान: ‘-ओ’च्या पुढे .सी ने संपणारं नाव देऊ नका. तिथे तुमच्या दुसऱ्या प्रोग्रामचं नाव पडलं तर जीसीसी न विचारता त्यावरच नवी फाइल लिहितो आणि तो प्रोग्राम जातो.

एंटर दाबल्यावर काहीच उमटलं नाही? बहुतेक वेळा म्हणजे यशस्वी. जीसीसी चूक असली तरच बोलतो. “सर, काहीच होत नाही” म्हणत आलेल्या कित्येकांच्या फोल्डरात पहिला.एक्सई तयार होऊन पडलेली असते. फोल्डर उघडून बघा.

एरर आल्या तर सगळ्यात वरची पहिली एररच वाचा. बाकीच्या बऱ्याचशा तिच्यामुळे आलेल्या असतात. फाइलच्या नावापुढचा आकडा ओळीचा, त्यापुढचा अक्षराचा. अर्धविराम राहिला असेल तर चूक बहुधा दाखवलेल्या ओळीच्या आधीच्या ओळीत सापडते.

तीन एरर अशा आहेत ज्यांचा मजकूर आणि खरं कारण यांचा मेळ नवशिक्याला लागत नाही:

- ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन’: तुम्ही विनमेन कधी लिहिलंच नाही, म्हणून घाबरायला होतं. अर्थ एवढाच, की जीसीसीला ‘मेन’ सापडला नाही. एक तर स्पेलिंग चुकलंय, किंवा फाइल सेव्हच केलेली नाही. व्हीएस कोडमध्ये फाइलच्या नावाशेजारी ठिपका दिसत असेल तर ती सेव्ह नाही.
- ‘परमिशन डिनाइड’, आउटपुट फाइल उघडता येत नाही: तोच प्रोग्राम मागच्या खिडकीत इनपुटची वाट बघत चालू आहे. ती खिडकी शोधून बंद करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची गरज नाही.
- ‘एसटीडी’, ‘सीआउट’ यांचे अनडिफाइन्ड रेफरन्स: सी++ ची फाइल जीसीसीने कंपाइल केलीत. तिथे जी++ वापरा.

### टर्बोची सवय

अनेक प्रॅक्टिकलच्या वह्यांत अजून टर्बो सी++ या जुन्या कंपायलरसाठीचा कोड असतो. तो जीसीसीत तसाच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. आयओस्ट्रीम.एच मधला ‘.एच’ काढा आणि ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ची ओळ घाला. ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहा, सी++ मध्ये तर ते सक्तीचं आहे. क्लिअरस्क्रीनचं फंक्शन इथे नाही, ती ओळ काढून टाका. ग्राफिक्स.एच ही नाही. आणि वहीत ‘इंटला २ बाइट’ असेल तर तेही टर्बोपुरतं खरं आहे. या जीसीसीत इंट ४ बाइटचा असतो. व्हायव्हामध्ये विचारलं तर कंपायलरचं नाव सांगून उत्तर द्या.

## ६. चालवणे

कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘पहिला’ टाइप करा. पॉवरशेलमध्ये आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ लागते: ‘.\पहिला’. एक्सईवर डबल-क्लिक केलं तर काळी खिडकी क्षणभर दिसून जाते. प्रोग्राम संपला म्हणून ती बंद झाली, बिघडली म्हणून नव्हे.

नुकतीच तयार झालेली एक्सई नाहीशी झाली तर विंडोज सिक्युरिटीमधली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. अँटिव्हायरस कधीकधी अनोळखी म्हणून ती उचलतो. कोड फोल्डरपुरती सूट द्या. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका.

प्रिंटएफमध्ये ‘हळद १० पोती’ असं मराठी लिहिलं आणि भलतीच अक्षरं आली, तर आधी ‘सीएचसीपी ६५००१’ द्या आणि मग प्रोग्राम चालवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी. तरी चौकोन दिसले तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पहिला > निकाल.टीएक्सटी’ असं देऊन ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसतं.

## ७. व्हीएस कोड, सगळ्यात शेवटी

व्हीएस कोड हा लिहिण्याचा प्रोग्राम आहे. त्यात कंपायलर नसतो. म्हणून कमांड प्रॉम्प्टवर प्रोग्राम चालल्याशिवाय तो उघडूच नका.

सी/सी++ चं एक्स्टेन्शन टाकून रनचं बटण दाबलं की यादी येते. त्यात जीसीसी.एक्सई आणि ‘अ‍ॅक्टिव्ह फाइल’ लिहिलेला पर्याय घ्या. सीएल.एक्सई निवडलं तर ‘डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमधून उघडा’ असा संदेश येतो. तो मायक्रोसॉफ्टचा वेगळा कंपायलर आहे, आपल्याला नको. डीबगरबद्दल (प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन) तक्रार आली तर जीडीबी हा डीबगर वेगळा मागवायचा राहिला आहे. दुसऱ्या टप्प्यातलीच कमांड, शेवटी जीसीसीच्या जागी जीडीबी.

‘बिल्ड फिनिश्ड विथ एरर’ एवढंच येतं आणि खाली कारणच दिसत नाही, तर तिसरा टप्पा पुन्हा तपासा. व्हीएस कोडला जीसीसीचा पूर्ण पत्ता ठाऊक असतो, पण पाथ नसल्यामुळे जीसीसीला स्वतःच्या डीएलएल सापडत नाहीत आणि तो गप्प बंद पडतो.

व्हीएस कोडमधलं कोड रनर हे एक्स्टेन्शन वापरत असाल आणि स्कॅनएफला इनपुट देता येत नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘रन इन टर्मिनल’ चालू करा. आउटपुटची खिडकी फक्त वाचण्यासाठी असते.

## ८. तरी अडलं तर काय पाठवायचं

स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, त्यात नेमकी पहिली एररच वर सरकून गेलेली असते. कमांड प्रॉम्प्टमधला मजकूर माउसने निवडून एंटर दाबला की कॉपी होतो. तो मेसेजमध्ये चिकटवा. त्यात चार गोष्टी असू द्या: ‘जीसीसी --व्हर्जन’चं उत्तर, ‘व्हेअर जीसीसी’चं उत्तर, तुम्ही दिलेली कमांड जशीच्या तशी, आणि पहिली एरर. सोबत .सी फाइल जोडा. आणि उत्तर येईपर्यंत काही अनइन्स्टॉल करू नका, नाहीतर तुम्ही पाठवलेला मजकूर आणि लॅपटॉपवरची स्थिती यांचा मेळ राहत नाही.